पाहुण्यासाठी धुतलेल्या चादरी

३ मार्च
लेकीला भावाकडे सोडून आले. समोर काँक्रीटचा प्लांट आहे तोवर तिला या घरात ठेवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. छाती नुसती वाजते तिची. बसमध्ये तीच मला समजावत होती – मामाकडे मज्जा असते, आई! परतताना मी रडले.

७ मार्च
पालिकेत गेले. तिथले प्रदूषण खात्याचे साहेब म्हणाले, मोजणीच्या यंत्रात धूळ मर्यादेतच दिसते. यंत्र आहे कुठे? प्लांटच्याच आवारात, वारा जात नाही त्या कोपऱ्यात! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. म्हटलं, साहेब, एकदा आमच्या गॅलरीत येऊन चहा प्या.

८ मार्च
सुचलं! सगळ्या मजल्यांवर पांढऱ्या चादरी टांगायच्या आणि आठवडाभर धुवायच्या नाहीत. तळमजल्यावरच्या न्हाव्याने दुकानातली कापडंसुद्धा दिली. सासूबाईंनी तेवढं नाक मुरडलं. मळकी कापडं चारचौघांत लावतात का, म्हणे.

१५ मार्च
चादरी राखाडी झाल्या. मळ बघून इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता! साहेबांचा फोन आला, उद्या दुपारी येतो, बोभाटा करू नका. मी फक्त सासूबाईंना सांगितलं.

१६ मार्च
एसटी आगारातल्या कामावरून अर्धी रजा टाकून आले, तर इमारत पांढरीशुभ्र! पाहुणा येणार म्हणून सासूबाईंनी मजल्यामजल्यावर फिरून बायकांना कामाला लावलं होतं. सगळ्या चादरी धुऊन, पिळून, पुन्हा टांगलेल्या. आठवडाभराच्या मेहनतीवर पाणी – आणि वर साबण! मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही.

तेवढ्यात साहेब दारात. चादर पाहून हसले. हेच दाखवायला बोलावलंत का, म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंनी मात्र चहा टाकला आणि त्यांना गॅलरीत बसवलं.

चादर ओली होती. ओल्या कापडाला धूळ जास्त चिकटते, हे आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं! कप रिकामा होईतो चादरीवर करडा थर. साहेबांनी बोट फिरवलं. बोट पाहिलं. मग वाकून खालच्या मजल्यांवरच्या चादरी पाहिल्या. सासूबाई पुटपुटल्या, "आत्ताच तर धुतली होती मेली!"

साहेब म्हणाले, "यंत्र उद्या या गॅलरीत बसेल."

४ एप्रिल
प्लांटला टाळं! जिंकलो! न्हाव्याने दिवसभर फुकट दाढ्या केल्या, ज्यांना दाढी नाही त्यांच्याही गालांना साबण फासला. लेक घरी आली. खिडकी उघडी ठेवून झोपली आहे. मी नुसती तिचा श्वास ऐकत बसले आहे. काही वाजत नाही.

२१ एप्रिल
प्लांट शहराच्या दुसऱ्या टोकाला सुरू झाला. तिथल्या एका बाईचा फोन आला. तिचा मुलगा खोकतोय. मी पत्ता लिहून घेतला. सासूबाईंनी कपाटातून चादरी काढल्या, वर साबणाची वडी ठेवली. म्हणाल्या, "चल. ओल्याच टांगायच्या, तिला दाखवून येऊ."