रिकामा डबा

वाल्मीक भाऊजी,

दिवाळीत भेस्तानहून तुम्ही आमचा फराळाचा डबा झाकणही न उघडता परत पाठवलात. तुमचे दादा तुमच्या लग्नाला आले नाहीत, त्याचा राग होता. बरोबरच होता. पण आता माझं ऐका.

दादांच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला होता. अँटिबायोटिकांनी जीव वाचला, पण पोटातले चांगले जिवाणूही त्यात मेले. तेव्हापासून जुलाब थांबतात आणि पुन्हा लागतात. अंगात उभं राहायचं त्राण उरलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, धडधाकट माणसाचे जिवाणू त्यांच्या आतड्यात सोडून पाहू, फरक पडू शकतो. स्पष्टच लिहिते, त्यासाठी त्या माणसाची शी लागते. माझी चालत नाही, दाढेसाठी मी परवापर्यंत अँटिबायोटिकच्याच गोळ्या घेत होते.

तुमचं नाव काढलं तर दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्याच्यापुढे हात पसरू? तेही ह्याच्यासाठी?"

मी म्हटलं, "हात नका पसरू. डबा मी धरते."

हसायचं तर हसा. आधी तुमच्या तपासण्या होतील. नाही म्हणायचं असेल तर तेही म्हणा, पण माझ्या तोंडावर म्हणा. हे पत्र मी पोस्टात टाकत नाही, कारण तेही तुम्ही न उघडता परत पाठवाल. उद्या सकाळी पर्वत पाटियाहून रिक्षा करून मीच ते हातात द्यायला येते, हॉस्पिटलने दिलेला डबा घेऊन.

भरलेला डबा परत केलात, ते मी विसरले. रिकामा डबा मात्र आपल्यात कोणी तसाच परत देत नाही.

येतेच आहे,
छाया वहिनी