भोग्याचं घर

आप्पा, आज सकाळी घरफाळा भरून आले. पावतीवर माझं नाव होतं, कानडीत. खिडकीपाशी उभी राहून मी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. मागचा माणूस "आजी, सरका की जरा" म्हणत होता, तरी पुरं वाचल्याशिवाय हलले नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "बघा, आमची बारिस्टर लेक आली." घरी येऊन चहा ठेवला, तो उतू गेला. तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि एक गोष्ट मी अजून सुपारीसारखी गालात धरून बसले आहे. गिळवत नाही, थुंकवत नाही. म्हटलं, आज लिहावीच.

ऐंशीच्या आसपासचं ते साल तुला आठवत असेल. तंबाखूचा बाजार बसला होता. निपाणीत तंबाखू शिंकली की गावाला पडसं ठरलेलंच. वखारी गच्च भरलेल्या, उचलायला कुणी नाही. बऱ्या दिवसांत ज्यांनी घरं बांधून ठेवली होती, ते आता ती घेता का घेता का म्हणत फिरत होते. चहाच्या गाड्यावर जो तो शहाणा सांगे, "घर घ्यायचं तर आत्ताच, पडत्या भावात." तीस वर्षं वखारीत तंबाखू चाळून तुझी छाती भाता झाली होती. शेठनी हिशेब करून हातात रक्कम दिली आणि घरी बसवलं. मी नवऱ्याच्या घरून परत आलेली, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होते. तुला एकच घोर होता. "माझ्यामागं तुला कुणी भाईर काढाय नगो गं," एवढंच तू बोलायचास.

बँकेत पगाराचा दाखला मागितला. विडी वळणारीला कसला दाखला? पतसंस्थेत म्हणाले, दोन जामीनदार आणा, स्वतःचं घर असलेले. तू म्हणालास, "साहेब, घरवाल्यांत आमची ऊठबस असती तर मग काय पायजे हुतं?" साहेब हसले, पण कर्ज दिलं नाही. मग तुझी रक्कम, आईची मागं राहिलेली बोरमाळ आणि माझी भिशी, एवढ्यावरच आपण दलालाला गाठलं.

घर दोन खोल्यांचं, मागं हातभर परडं. दलाल कानडी, बोलणी मीच केली. त्यानं आकडा सांगितला तेव्हा माझा विश्वास बसेना. निम्म्यानं स्वस्त! मला वाटलं, पडता काळ म्हणतात तो हाच. बाँडरायटरनं कागद लिहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत विचारलं, "अक्का, ओदाक बरतैतेनु?" वाचायला येतं का म्हणून. बाहेर बाकावर चार माणसं बसलेली. मी ताठ मानेनं म्हटलं, "बरतैत." येतं कसलं, आप्पा! कानडी अक्षरं मी एसटी स्टँडवर शिकलेले. पाटीवर वर कानडी, खाली मराठी; कोल्हापूर, संकेश्वर, चिकोडी असं जुळवत जुळवत. गावांची नावं वाचता येत होती, कागद नाही. तरी मी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "भो... ग्य... पत्र." आणि तुझ्याकडं वळून म्हटलं, "भोगवटा, आप्पा. घर आपल्या भोगवट्याचं झालं." तू माझ्याकडं बघितलंस. जरा जास्तच वेळ बघितलंस. मग अंगठा पुढं केलास.

पहिलं वर्ष कसं सोन्याचं गेलं. तू कुडाच्या जागी विटा घातल्यास, परड्यात शेवग्याची फांदी रोवलीस. येणाऱ्याजाणाऱ्याला चौकट दाखवून म्हणायचास, "सागवानी हाय, हात लावून बघा." फाळ्याची पावती आपल्या नावावर करायला मी नगरपालिकेत गेले. कारकुनानं कागद वाचला, मान वर केली. "अक्का, हे भोग्यपत्र हाय. खरेदी न्हवं."

"म्हंजे?"

"म्हंजे तुम्ही पैसे ठेवलासा, त्येनी ऱ्हायाला घर दिलं. भाडं न्हाय, व्याज न्हाय. तीन वर्षं झाली की पैसे तुमचे परत, घर त्येंचं परत. आमच्याकडं तान्ह्या पोराला बी ठाऊक असतंय हे."

कागद पदराखाली धरून मी परतले. घरी तू चुना कालवत बसलेला. "झालं का गं नाव?" मी म्हटलं, "साहेब रजेवर हाय." त्यानंतर साहेब किती रजेवर गेले, किती बदलून गेले, त्याला गणती नाही. भिंतीला तुझा हात फिरताना दिसला की मी सूप उचलून परड्यात जाऊन बसायचे. मग एका पाडव्यानंतर तू विचारायचंच सोडलंस. मला वाटलं, सुटले, आप्पा विसरला.

खरं पाप पुढंच आहे. घराच्या मालकाचा पैसा तंबाखूत अडकलेला. त्याच्याकडं पैसे आले तर तो घर मागणार, आणि पैसे येणार तंबाखू उठली तर. शेजारीण माझ्यासोबत पानं कातरताना म्हणायची, "औंदा तरी बाजार उठू दे गं बाई, चूल पेटंना झालीया." मी तोंडानं "व्हय व्हय" म्हणे आणि मनात म्हणे, देवा, नको उठू देऊ. माझ्या आप्पाचे दिवस आहेत तोवर बाजार असाच पडून राहू दे. माझ्याही सुपात निम्म्याच विड्या पडत होत्या, तरी मी ते मागत होते. अख्ख्या गावाच्या चुलीवर पाणी मागत होते.

मुदत भरली आणि मालक दारात उभे. तू त्यांना घोंगडं अंथरलंस, चहा पाजलास, त्यांच्याशी वखारीच्या गोष्टी काढल्यास. मी त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला गेले. ते खाली बघत म्हणाले, "आक्का, द्यायला पैसे न्हाईत. बाजार उठंस्तोवर ऱ्हावा." मी हसू दाबलं. असा आनंद माणसानं करू नये.

बाजार उठायच्या आधी तूच गेलास. शेवटच्या आठवड्यात शेवग्याला त्या सालच्या पहिल्या शेंगा लागल्या. तू खाटेवरून बघत म्हणालास, "चार शेंगा मालकास्नी धाड गं." मला वाटलं, वखारीच्या शेठना. "बरं" म्हटलं आणि कामाला लागले.

दोन वर्षांनी मालकांनी पैसे आणून दिले, पै न् पै. त्यात तेवढं घर कुठलं येतंय! गावाबाहेर ही एक पत्र्याची खोली झाली, पण खरेदीची. ज्यांनी त्या साली पडत्या भावात म्हणून घरं घेतली आणि अडचणीला आणखी पडत्या भावात विकली, त्यांच्या हाती तेवढंही राहिलं नाही. निघताना मी शेवग्याची फांदी तोडून आणली.

आज चहा पुसता पुसता ध्यानात आलं. तू शेठना कधी मालक म्हणाला नव्हतास. जन्मभर शेठच. मालक म्हणजे त्या घराचे मालक. आणि तीस वर्षं कानडी व्यापाऱ्यांच्या वखारीत काढलेल्या माणसाला भोग्य म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं? चार माणसांत माझी मान खाली जाऊ नये म्हणून अंगठा दिलास, की लेकीचे पैसे तरी बुडणार नाहीत एवढं बघून दिलास? आता कुणाला विचारू? हा लिहिलेला कागद फाळ्याच्या पावतीबरोबर डब्यात ठेवते आहे.

एक सांगायचं राहिलं. त्या चार शेंगा मी कुणालाच धाडल्या नाहीत, आप्पा. आमटीत घातल्या. तूच चोखून खाल्ल्यास, आणि विचारलंस, "धाडल्यास न्हवं?" मी "व्हय" म्हटलं.