तीन दिवसांचे तीन नमुने

प्रिय ताई,

मी बरा आहे, वेळेवर जेवतो, आईला सांग.

इथे जुलाबावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे. मी दिवसभर शौचाचे नमुने तपासतो. हे आईला जेवताना वाचून दाखवू नकोस. ज्याने हे जुलाब होतात तो आतड्यातला परजीवी रोज सापडत नाही, म्हणून प्रत्येकाचे तीन दिवसांचे तीन नमुने बघायचे, असा इथला नियम आहे.

लॅबचं काम नुकतंच शिकत होतो, तेव्हा तुझा मी एकच नमुना बघितला होता. त्यात काही दिसलं नाही, तर बाबांना सांगून मोकळा झालो, ‘परीक्षा टाळायला सोंग करतेय.’ तू तशीच गेलीस आणि अर्धा पेपर सोडून उठलीस. पुढे शिक्षणच सुटलं.

अजून पोट बिघडतं का? खरं सांग. तेव्हाही तू खरंच सांगत होतीस.

तुझा,
दीडशहाणा