चौकातले मांडे

प्रिय जयू,

हे पत्र टपालाने पाठवलं नाही. आपल्या गल्लीतला भिकन अमळनेरला पुतण्याच्या साखरपुड्याला येतो आहे, त्याच्या हाती देतो आहे. टपालाचा भरवसा नाही आणि दिवस थोडे आहेत. बाळाच्या कानाला वारा लागू देऊ नकोस. अंघोळ घातल्यावर टाळू तेलाने भरत जा. हे सगळं तुझी माय तिथे बसून करतेच आहे, मला ठाऊक आहे, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माय रोज विचारत असेल, चौकातून काही निरोप आला का. तू शेजारच्या दुकानात दोनदा फोन केलास आणि तेच विचारलंस. दोन्ही वेळा मी आवाज नीट येत नाही म्हणून फोन ठेवला. आवाज नीट येत होता.

तो चौक आता तू ओळखणार नाहीस. प्लेगच्या साली सुरत सोडताना तोंडाला रुमाल बांधून आपण ज्या उकिरड्याजवळून स्टेशनकडे पळालो होतो, तोच तो. दोन वर्षांत तिथे फरशी बसली, दिवे लागले, मधोमध कारंजं आलं. म्हशी बसायच्या तिथे बाकं आहेत. कतारगाममधली माणसं रविवारी नवे कपडे घालून तिथे फिरतात, साड्या, बांगड्या, मातीची भांडी घेतात, पोंक, म्हणजे आपला हुरडा, खातात. मी आधी जातच नव्हतो. मला वाटायचं, धुऊनपुसून काढलेली जागा आपल्यासारख्यांसाठी नसते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तिथे खाण्याची मोठी जत्रा भरली. गल्लीतल्या शोभाबाईच्या भजनी मंडळाला एक जागा मिळाली होती. ती म्हणाली, धुरपदाबाईंनी खापरावरचे मांडे करावेत. तुझी माय माझ्याकडे बघत राहिली. मी हो म्हणालो, कारण मला वाटलं, कोण खाणार आहे आपले मांडे? सुरतची माणसं डाळीचा लोचो खाणारी. तास-दोन तासांत परत येऊ.

जयू, तिच्याभोवती माणसांचं कडं झालं. ती पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत मोठा करत होती. मांडा पसरत कोपरापर्यंत यायचा, पातळ, आरपार उजेड दिसावा असा. मग ती तो तापल्या खापरावर टाकायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. आपल्या घरी छत्तीस वर्षं हेच चाललं, आखाजीला आणि जावई आले म्हणजे. कुणी टाळी वाजवली? मी तरी मान वर करून पाहिलं का? मला ताटातला मांडा तेवढा माहीत. पण एक माहीत होतं. पहिला मांडा माझ्या ताटात पडायचा, लग्नापासून. त्या दिवशी मी खाली बसून चुलीत काटक्या सारत होतो आणि पहिला मांडा गेला पांढऱ्या बुशशर्टातल्या एका अनोळखी माणसाला. त्याने बोटं चाटून तिला हात जोडले. तिनेही जोडले. मला शेवटचा मिळाला, फाटलेला.

फोटो काढणारा एक जण आला. “काका, जरा खसो ने,” तो मला म्हणाला. मी तिच्या फोटोत येत होतो. मी सरकलो.

मी जळलो. तुला सांगायला लाज वाटते, पण जळलो. तीस वर्षं मी मागाच्या बिमावर धाग्याच्या तारा जोडल्या. जुन्या तारेला नवी तार, हजारो गाठी, एकही सुटायची नाही. कारखान्यातला मारुती मास्तर म्हणायचा, सुपडूची गाठ कापडात सापडत नाही. तेवढीच माझी शाबासकी. मग नजर अधू झाली, काम गेलं, आणि कुणी विचारलं नाही. चौकाच्या भिंतीवर चित्रकला शिकणाऱ्या पोरापोरींनी सुरतचे कामधंदे रंगवले आहेत. त्यात मागही आहे. मी जवळ जाऊन पाहिला. मागावर माणूसच नाही. नुसता माग चालतो आहे. आणि जत्रेनंतर त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेत त्यांनी काय काढलं, माहीत आहे? खापर, आणि हिरव्या बांगड्यांचे दोन हात. तुझी माय पदर तोंडाशी धरून किती वेळ पाहत उभी राहिली. इतकं सुखी मी तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि ते सुख मी दिलेलं नव्हतं.

त्या जत्रेच्या कमाईतून तिने बाजारात माझ्यासाठी सदरा घेतला. मी रंग आवडला नाही म्हणालो.

चौकाचं काम बघणाऱ्या बेननी तेव्हाच सांगितलं होतं, आखाजीच्या आठवड्यात पुन्हा या, आमरसाबरोबर मांडे ठेवू, आणि तेव्हा जमलं तर दर रविवारची जागा देऊ. होळी झाली आणि माय तुझ्या बाळंतपणाला निघाली. गाडी सुटताना खिडकीतून तिने एवढंच सांगितलं, “कोनी उनं ते मले निरोप धाडज्यात.” कुणी आलं तर कळवीन म्हणून मी मान हलवली.

गेल्या सोमवारी बेन आल्या. दाराशी उभ्या राहून धुरपदाबेन कुठे म्हणून विचारलं. मी सांगितलं, ती आता येणार नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्यांचा विश्वास बसेना, म्हणून मी सांगितलं की तिचे हात गेले. संधिवाताने बोटं वळत नाहीत, भाकरीसुद्धा थापता येत नाही. बेनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्यासमोर वहीतलं तिचं नाव खोडलं. मला बरं वाटलं, जयू. खोटं कशाला लिहू. दुपारभर बरं वाटलं.

संध्याकाळी शोभाबाई रडत आली. मग गल्लीतल्या बाया एकेक करून आल्या. कुणी तेल आणलं, कुणी कुठल्या वैद्याचं नाव सांगितलं. सगळ्या तिच्या हातांबद्दल बोलत होत्या, आणि मी हो हो करत होतो. चांगल्या धडधाकट बाईचे हात मी माझ्या तोंडाने मोडले होते. चार दिवस जेवण गेलं नाही. काल चौकात जाऊन बेनना खरं सांगितलं. त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, ते बरोबरच आहे. जागा अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही, पण माझ्या शब्दावर त्या आता काहीच ठेवायला तयार नाहीत. मंगळवारपर्यंत धुरपदाबाईंनी स्वतः यावं, म्हणाल्या.

म्हणून हे पत्र. मायला वाचता येत नाही, तेव्हा तू वाचून दाखव, आणि मला वाचवायला मधलं काही गाळू नकोस. हाताबद्दल मी जे बोललो, तेही वाच. बाळाला आता सव्वा महिना होऊन गेला, तुझी सासू आहे, चार दिवस निभेल. भिकन रविवारच्या गाडीने परत निघेल, तिला त्याच्याबरोबर बसवून दे. माझ्या दारात यायची तिची इच्छा नसेल तर स्टेशनवरून सरळ शोभाबाईकडे जाऊ दे, मी तिकडे फिरकणार नाही. पण तिला येऊ दे.

तुझाच,
बाबा