मालिकेतलं एकच खरं वाक्य

सास्तूर, ता. लोहारा
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

चि. इंद्रजितला नीलम्मा आज्जीचा आशीर्वाद.

आमी समदी खुशाल हाओत. नातसून राजेश्वरी बरी हाय. पणती अर्पिता पहिलीत गेली, तिच्याच वहीची पानं फाडून लिहितीया. उडीद फुलावर आलाय. माझा गुडघा सोडला तर दुखण्यासारखं कायबी न्हाय. तू टीव्हीवर मस्त गुबगुबीत दिसलास. म्हंजी तू न्हवं, तुझं काम करणारा त्यो पोरगा. तू कवा एवढा गोरा हुतास रं?

फोन केला असता, पर फोनवर तुला मधी बोलता येतं. कागदावर गप ऐकावं लागतंय.

पैल्यांदा चांगलं सांगते. तुमच्या हादरा बँडची मालिका लागणार म्हणल्यावर म्या गल्लीभर सांगत सुटले. माझ्या गिरणीच्या मागल्या खोलीत ज्यांनी धिंगाणा घातला, त्यांची गोष्ट टीव्हीवर! बँडला नाव ठिवलं तवा म्या तुमाला किती शिव्या दिल्या हुत्या. ज्या हादऱ्यानं घरं पाडली त्येचंच नाव देताव व्हय रं, म्हणून. आता त्याच नावाचं पोस्टर लातूरच्या बसस्टँडवर लागलंय म्हणत्यात. पैल्या दिवशी घरात पंधरा-सोळा माणूस. शेजारचा बंडप्पा तर आर्धा तास आधी येऊन पुढं बसला. म्या शेंगा भाजल्या, दोनदा चहा केला. नातू माझा, विरेश, गिरणी बंद करून आला आन् समद्यांच्या मागं भिंतीला टेकून बसला. पडद्यावर त्याचं नाव आलं आन् मला रडूच फुटलं.

मंग सुरू झाला तुमचा खोटेपणा.

आरं, म्या जात्यावर दळतीया! डोक्यावर पदर, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आन् जात्यावर बसून ओव्या म्हणतीया! गिरणीवाल्याची बायको जात्यावर दळंल व्हय रं? आमची गिरणी लाईटीवर चालती. तू तिथंच लहानाचा मोठा झालास. पट्ट्याला सांधा हुता, त्यो फेऱ्याला एकदा टक वाजायचा. विरेश सहा वर्साचा असल्यापासनं त्या टकवर पिठाचा डबा बडवायचा आन् तू वरनं बोंबलायचास. मालक म्हणायचे, पट्टा बदलाया झालाय, पर बदलला तर पोरांचं गाणं बिघडंल. चार वर्सं बदलला न्हाय त्यांनी. लोकं दळणात उशीर हुतो म्हणून भांडायची. हे का न्हाय दाखवलं? टीव्हीतल्या विरेशला ताल कुठनं सापडला, तर पत्र्यावरच्या पावसातनं! ज्यानं एवढं सोसलं त्या पट्ट्याचं नावबी न्हाय.

आन् भूकंप. विरेशचे आईबाप त्यात गेले. त्यो दोन वर्साचा, माझ्या कुशीत अंगणात झोपला हुता, मालकबी तिथंच, म्हणून तिघं वाचलो. टीव्हीत त्यो ढिगाऱ्यातनं थाळी वाजवत भाईर येतो, ते बी भर दुपारी. भूकंप पहाटं झाला हे आमच्या अर्पितालाबी ठाव हाय. बंडप्पा म्हणला, "नीलम्माक्का, उन्हात शूटिंग बरं येतंय." म्या म्हणलं, "शेंगा ठिव खाली आन् ऊठ माझ्या घरातनं." उठला न्हाय मेला. शेंगा मात्र ठिवल्या.

असं म्या पाच भाग दात खाऊन बघितलं. राजेश्वरी म्हणायची, "बंद करू का? तुमचं बीपी वाढंल." वाढू दे म्हणलं. आपल्या घरची गोष्ट हाय, खोटी तर खोटी, बघितल्याबिगर कसं सोडायचं?

सहाव्या भागात तर मालकांना जाळलं.

चितेवर ठेवलं रं त्यांना! आमच्या लिंगायतात बसवून माती देत्यात, तळहातावर लिंग ठिवून. तू गावचा, त्यांची समाधी तुमच्या बांधाला लागून हाय, येताजाता तुला दिसत हुती. तुला कुणी इचारलं न्हाय व्हय? का इचारलं आन् तू हात झटकलास? विरेशला बोडका केला, तेरा दिस सुतकात बसवला. आमच्यात सुतक धरत न्हायत. मालक जायच्या आधी दोन दिस विरेशचा हात धरून म्हणले हुते, "म्या ऱ्हायलो काय आन् गेलो काय, पुण्याला वाजवायला जायाचं." माती दिली तवा भजनात विरेशच वाजवत हुता. डोळं गळत हुतं, पर हात एकदाबी चुकला न्हाय.

त्याच्या फुडं तो दाराचा परसंग आला.

टीव्हीत तू जीप घेऊन विरेशला न्यायला येतोस. उद्या पुण्यातला मोठा कार्यक्रम. दारात विरेश झुलत उभा, दारू पिऊन. माझ्या विरेशनं आजवर दारूला शिवलं न्हाय. आन् त्यो तुला म्हणतो, "तुमच्या धांगडधिंग्यानं माझा आज्जा खाल्ला. मला तुझं तोंडबी बघायचं न्हाय." तू रडत जातोस. मागं टीव्हीतली आज्जी पदरानं डोळं पुसतीया.

विरेश मागनं म्हणला, "म्या कवा म्हणलो असं?" बंडप्पा म्हणला, "पिल्यावर काय ध्यानात ऱ्हातंय व्हय, विरू?" विरेश उठून गेला. दुसऱ्या दिवशी गिरणीत दळण टाकायला आलेली पोरं हसत हुती. एकानं तोंडावर पळपुटा म्हणलं. अर्पितानं घरी येऊन इचारलं, पळपुटा म्हंजी काय.

विरेशनं मागल्या खोलीतनं ड्रम भाईर काढलेत. नऊ वर्सं पोत्याखाली झाकून ठिवले हुते, हात लावायचा न्हाय पर कुणाला देतबी नव्हता. आता शनिवारी बेंबळीची बँजो पार्टी येऊन घिऊन जाणार हाय. मला म्हणतो, "अव्वा, इंद्र्यानं म्या न बोललेलं माझ्या तोंडात घातलं. माझ्या जागी दुसरा घेतला आन् वर मलाच पळपुटा केलं. आता मला त्या घरचं पाणीबी नको." तुझा आवाज लागला की रेडिओ बंद करतो.

उडदाचं सांगायचं ऱ्हायलं. औंदा पाऊस बरा हाय, शेंगा लागतील. तुझ्या आईला वाटीभर डाळ पाठवीन म्हणते. तिच्या मोतीबिंदूचं काय झालं?

किती येळ इकडचं तिकडचं लिहू? कागद संपत आलाय.

दारात विरेश नव्हता, इंद्रजिता. तुला ठाव हाय नव्हता. म्या हुते.

त्यो समाधीवर पाणी घालाया गेला हुता. पुण्याला न्यायची पिशवी त्यानं सकाळीच भरून दाराशी ठिवली हुती, वर ड्रमच्या त्या दोन काठ्या. तुझी जीप वाजली आन् म्या ती पिशवी पायानं दारामागं सरकवली. मंग तुला म्हणलं, "तुमच्या धांगडधिंग्यानं माझा म्हातारा खाल्ला. विरेशला तुझं तोंडबी बघायचं न्हाय, त्यानंच सांगितलंय." तू माझ्या पाया पडलास. म्या आशीर्वाद दिला न्हाय.

संध्याकाळी त्याला सांगितलं, इंद्राचा निरोप आलता, दुसरा गडी मिळाला, तू येऊ नको म्हणला. त्यानं तुला फोन केला. तू उचलला न्हाईस. कसा उचलशील? त्यानं परत केला न्हाय. त्यो तरी का करंल?

पोरगा गेला, सून गेली, मालक गेले. एक माणूस उरलं हुतं आन् ते बी पिशवी भरून बसलेलं. येऊन-जाऊन ऱ्हाईन म्हणायचा, पर मला इश्वास नव्हता. माफी मिळावी म्हणून लिहित न्हाय. तसं झालं, म्हणून लिहितीया.

तू टीव्हीवाल्यांना जे ऐकलंस तेच सांगितलंस. एवढ्या सगळ्या खोट्यात तेवढं एक वाक्य खरं आलंय, फकस्त ज्याचं त्याच्या तोंडात न्हाय. इतके दिस म्या जात्यावर चिडले, चितेवर चिडले, पर खरा राग मला त्या टीव्हीतल्या आज्जीचा येतो. लई मायाळू दाखवलीय तिला. पदरानं डोळं पुसती आन् लोकं तिच्यासाठी हळहळत्यात. राजेश्वरी म्हणली, "आज्जी, तुमी हुबेहूब." मला त्या टीव्हीवर पाटा घालावा वाटला.

तर त्यांना सांग. जातं ऱ्हाऊ दे, थाळी ऱ्हाऊ दे, मालकांना जाळलं ते बी गिळते म्या. पर त्या दारात म्हातारीला उभं करा आन् तिच्या तोंडानं बोलू द्या. ते ऐकणार न्हायत म्हणशील, तर तू जिथं गातोस तिथं माईकवर सांग. माझं नाव घिऊन सांग. आन् शनिवारच्या आत त्याला फोन कर. एकदा न्हाय उचलला तर धा येळा कर.

पाकिटावर तुझा पुण्याचा पत्ता मला लिहिता येत न्हाय, तेवढं अक्षर माझं बरं न्हाय. विरेशकडनं लिहून घेणार हाय. त्यो आता गिरणीत हाय, पट्ट्याचा आवाज येतोय. थांबला की जाते. पाकीट उघडंच त्याच्या हातात देणार आन् म्हणणार, आधी वाच, मंग डकव.

त्या दिवशी दारात उभी हुती ती,
नीलम्मा