सही केलेला कोरा कागद

बाबा, काल धाकटी काकी तुमचा कागद घेऊन आली. लॅमिनेशन केलेला, इतकी वर्षं देवांच्या फोटोशेजारी टांगलेला. वर तुमचं नाव, त्याखाली नगरसेवक, आणि मजकूर एवढाच की घरावर मजला चढवण्यास आमची हरकत नाही. त्या जोरावर तिने तळवलीतल्या घरावर दोन खोल्या चढवल्या, त्यांच्या भाड्यावर ती जगते. आता नोटीस आली आहे, बांधकाम बेकायदा आहे, पाडणार. मी तिला घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले. तिथल्या तरुण साहेबांनी कागद नीट वाचला, दोन्ही हातांनी परत दिला आणि म्हणाले, "ताई, नगरसेवकांची हरकत नव्हती, मान्य. पण परवानगी कुठंय?" मला हसावं की रडावं कळेना. बाबा, तुमची हरकत विचारली होती कोणी?

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी काल तुमचा फार राग आला. त्या कागदावरचा शिक्का बहुतेक मीच मारलेला. रविवारी सकाळी आई ओट्याशी निवट्या मासे साफ करतेय, तुम्ही खाली बसून कोऱ्या लेटरहेडच्या गठ्ठ्यावर सह्या करताय आणि नववीतली मी मागोमाग शिक्के मारतेय. तुम्ही बाहेर असलात तरी कोणाचं काम अडू नये, म्हणून सह्या आधीच. रहिवासी दाखला, शाळेचा प्रवेश, मजला, मजकूर काय तो नंतर भरायचा. मी विचारलं, न वाचता सही कशी करता? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दारान आलेल्या मानसाला नाय बोलाचा नाय. तू शिक्का सरल मार."

तुर्भ्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून तुम्ही उभे राहिलात, ते गावातली घरं कायदेशीर करून द्यायला. पहिल्या प्रचारात दुसरं काही बोलतच नव्हतात. तीनदा निवडून आलात. गटारं झाली, अंगणवाडी झाली, तलावाकाठी तुमच्या नावाचे बाक आले. घरांचं काही झालं नाही. तो विषय महापालिकेच्या महासभेत लावून धरायचा तर कोणाच्या तरी वाकड्यात शिरावं लागलं असतं, आणि तुम्हाला तर सगळ्यांशी गोड राहायचं होतं. म्हणून तिथे गप्प बसलात आणि घरी येऊन कागद वाटलेत. सगळी बोलाचीच कढी, बोलाचाच भात. लोक मात्र खूश होऊन जायचे, तुमच्या अंत्ययात्रेला रस्ता पुरला नाही. आता ते कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना नाही म्हणायचं काम मला करावं लागतं, आणि ते तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत.

काकीलाही नाही म्हणायला मला जमलं नाही. वॉर्ड ऑफिसातून आमच्या घरी येऊन बसलो, आणि उठता उठता तीच म्हणाली, "तुज्या बाबांच्या सहीचा कोरा कागद असल ना कपाटान? दे एक. मजला लय जुना हाय असा लिवू, जुनी तारीख टाकू. वकील बोलला, जुना असल तर पाडत नाय, चालंल." मी म्हटलं, काकी, गेलेल्या माणसाच्या नावावर खोटं कशाला लिहायचं? "खोटा कसा? त्यांनीच तर सांगलेला बांध म्हनून," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत जिना उतरली.

ती गेल्यावर कपाट उघडलं. कागद होता. खाली तुमची सही, शिक्का अगदी सरळ. कोणाच्या हाती लागायला नको म्हणून आज तुम्हाला त्याच्यावरच लिहायला घेतलं, मागची बाजू भरली आणि आता पुढच्या बाजूला तुमच्या सहीपर्यंत आले आहे. हे पत्र पाठवायचं तरी कुठे. सकाळी काकीला फोन करून सांगितलं की कागद एकच होता आणि तो खराब झाला. बाबा, दोन होते. दुसरा मी घडी न घालता परत कपाटात ठेवला आहे, आणि नोटिशीचे अजून चार दिवस बाकी आहेत.