मिनिटभराचा मी

ता. ३ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचा खोकला कमी झाला असेल अशी आशा करतो. मामींना नमस्कार. इकडे एक पेच पडलाय आणि घरात बोलण्यात तुमच्याइतकं पटाईत कोणी नाही, म्हणून लिहितो.

आमच्या लिफ्ट कंपनीला आता असा एक माणूस हवाय, जो इमारती-इमारतींत जाऊन लिफ्टमध्ये अडकल्यास काय करावं यावर व्याख्यान देईल. शनिवारी इमारतींचे पदाधिकारी जमणार आहेत. इच्छुकांनी त्यांच्यापुढे मिनिटभरात आपली ओळख करून द्यायची, निवड ते करणार. माझी निवड झाली नाही तर सोमवारपासून मला लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून काम करावं लागेल. एकदा उतरलो होतो. वरून लिफ्ट येतेय असं वाटून असा ओरडलो, की तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बाहेर आल्या. लिफ्ट बंदच होती. मालक म्हणतात, व्याख्यान नाहीतर खड्डा, तिसरं काम त्यांच्याकडे नाही.

मी अशी ओळख लिहिली आहे: ‘उपस्थित मान्यवरांना सविनय नमस्कार. मी दोन वर्षे लिफ्टदुरुस्तीत मदतनीस आहे. त्यातून कावीळ झाली होती तो काळ वजा करावा. शिक्षण नववी, म्हणजे नववीत बसलो होतो.’ इथेच मिनिट संपतं. आरशासमोर रोज म्हणतो. खोलीतला सोबती विचारतो, कावीळ उलटली का.

काय गाळू? आणि मी स्वतः लिफ्टमध्ये बसत नाही, जिन्याने जातो, हे सांगावं का?

लोभ आहेच, तो उत्तरातही दिसावा.

आपला भाचा

ता. ५ फेब्रुवारी

चि. धसक्यास,
अ. उ. आ.

खोकला आहे तसाच आहे, पण धंद्याला बरा. खोकलो की माणसं वळून बघतात. तुझी ओळख वाचून मामीला पिवळं दिसायला लागलंय.

अरे, ही ओळख आहे की पोलिसातली जबानी? मी फूटपाथवर किसण्या विकतो. किसणी बोथट कधी होईल हे गिऱ्हाइकाला पहिल्या वाक्यात सांगतो का? आधी गाजर किसतो. लोक थांबले की मग तोंड उघडतो. कावीळ काप, नववी काप. आणि लिफ्टमध्ये बसत नाहीस हे जिभेवर आणलंस तर याद राख. एवढंच म्हण: ‘लिफ्ट बंद पडली, दिवे गेले, हाक ऐकायला कोणी नाही. तेव्हा काय करायचं ते मी सांगतो.’ मग गप्प राहा. गप्प राहणं हा निम्मा धंदा.

आणखी एक. पहिलं गिऱ्हाईक व्हायला कोणीच तयार नसतं, म्हणून आम्ही गर्दीत आपला एक माणूस ठेवतो. तो सरसावला की बाकीचे सरसावतात. शनिवारी मी मागे येऊन बसतो आणि तुझं झालं की एखादा भारदस्त प्रश्न विचारतो. शेजारच्या वकिलाचा कोट मागून ठेवलाय. नको म्हणू नकोस.

तुझ्याहून तुझी काळजी करणारा,
मामा

ता. ९ फेब्रुवारी, रविवार

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

‘येऊ नका’ असं कार्ड मी लगेच टाकलं होतं. ते मिळालं नाही असं काल जिन्यात म्हणालात, पण ते कोटाच्या खिशातून डोकावत होतं. असो. तुम्ही मधेच पळालात म्हणून पुढचं कळवतो.

माझ्या आधी आमच्या विक्री विभागातला देखणा बोलला, टाळ्या झाल्या. मग मी तुमची वाक्यं न चुकता म्हटली. गप्प राहिलो. मामा, लोक खरंच ऐकत होते. आणि त्या शांततेत तुम्ही उभं राहून ओरडलात, की मला दोन द्या!

अध्यक्षांनी विचारलं, दोन काय? तुम्ही म्हणालात, जे काय असेल ते.

हे गृहस्थ कोण, असं त्यांनी मला विचारलं. खोटं सुचायला मला वेळ लागतो. मी म्हणालो, हे माझे मामा, किसण्या विकतात, आणि माझ्यासोबत खोकत सात मजले चढून आलेत, कारण मला लिफ्टची भीती वाटते. सभागृह हसून लोटपोट झालं. मालकांनी कपाळाला हात लावला. तुम्ही तेव्हाच दिसेनासे झालात.

मी खाली बसायला हवं होतं, पण पाय हलेनात, म्हणून बोलत राहिलो. म्हणालो, लिफ्ट अडकते तेव्हा आत माझ्यासारखाच कोणीतरी असतो. त्याला दोर किती जाड आहे हे ऐकायचं नसतं. बाहेर कोणीतरी आहे आणि तो जाणार नाही, एवढंच ऐकायचं असतं. मिनिट संपल्याची घंटा केव्हाच वाजली होती म्हणे.

निवड देखण्याची झाली. उद्या सोमवार. बूट पुसून ठेवलेत. तुमच्यावर राग नाही, थोडा आहे.

आपला भाचा

ता. ११ फेब्रुवारी

चि. धसक्यास,
अ. उ. आ.

तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून पत्र. भारदस्त प्रश्न पाठ केला होता रे. पण तू असा झकास गप्प राहिलास, की मला वाटलं खरंच काहीतरी विकायला काढलंय आणि आता संपणार. उभ्या जन्मात मी कोणाच्या गर्दीत असा फसलो नव्हतो.

मामीने अबोला धरलाय, म्हणजे दिवसभर बोलते, पण माझ्याबद्दल. खड्ड्यात उतरला असशील तर वर ये, बाळा. इकडे ये, गाजरं किस. नाहीतर मी येऊन तुझ्या मालकाचे पाय धरतो.

तुझा नालायक मामा

ता. २० फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

कृपा करून येऊ नका. त्या सोमवारी खड्ड्यात उतरायला शिडी लावली, तेवढ्यात ऑफिसातून हाक आली. त्या सभेतल्या एका बाईंचा फोन होता. त्यांच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. लिफ्टमध्ये अडकल्यापासून त्या लिफ्टकडे फिरकत नाहीत, आणि गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, म्हणून घरातच बसून आहेत. व्याख्याता नको, तो घाबरणारा मुलगा पाठवा, असं बाईंनी सांगितलं. मालकांनी माझा खड्डा सध्यापुरता रद्द केला. सध्यापुरता हा शब्द त्यांचा.

मी जिन्याने गेलो. दारातच ओळख करून द्यायला लागलो, तर शिक्षिकाबाई म्हणाल्या, आधी श्वास घे, पाणी पी, आणि तो मामावाला तूच का ते सांग. झाली ओळख.

पहिल्या दिवशी लिफ्टचं दार उघडं ठेवून दोघं आत नुसते उभे राहिलो. शेजाऱ्यांनी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी बटण कोणी दाबायचं यावरून वाद झाला. काल एक मजला खाली आलो. उद्या त्यांना अंगणापर्यंत जायचंय. मालकांनी आणखी अशी माणसं शोधून ठेवली आहेत, बरीच आहेत म्हणे.

कामाचा अहवाल द्यावा लागतो. ‘रहिवासी बाईंना धीर देऊन खाली आणले’ असं लिहिलं, मग खोडून ‘दोघेही खाली आले’ असं केलं. डोळे मिटून कोणी कोणाचा हात धरला होता, ते रकान्यात विचारलेलं नाही.

मामींचा अबोला सुटावा. लोभ आहे तसाच, पण लांबूनच असावा.

आपला भाचा